गोदामातली गेम-यंत्रं आणि ३.६ व्होल्टची बॅटरी

नाणं टाकून चालणारी जुनी व्हिडिओ गेमची यंत्रं गोदामात नीट झाकून ठेवली की टिकतात, असा आपला समज असतो. लाकडी खोकं, पिक्चर ट्यूब, आत एक सर्किट बोर्ड. मग झिजणार काय? तर आज आपण बघणार आहोत ती यंत्रं, जी बंद पडून राहिल्यामुळेच मरतात.

आधी एक किरकोळ गोष्ट. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर वीज मिळत राहिली तर शाबूत राहतो, वर्षानुवर्षं मिळाली नाही तर विरत जातो. त्यामुळे दहा वर्षं पडून असलेलं यंत्र एकदम प्लगला लावायचं नसतं. (आणि हौसेनं मागचं झाकणही उघडू नका, ट्यूबमध्ये यंत्र बंद केल्यावरही जबर व्होल्टेज शिल्लक असू शकतं.) पण कपॅसिटर काय, बदलता येतो.

खरी मेख कॅपकॉम या जपानी कंपनीच्या बोर्डांत आहे. १९९१ साली 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि तो इतका चालला की त्याचे नकली बोर्ड जगभर निघाले. कंपनीनं १९९३ मध्ये 'सीपीएस-२' बोर्ड आणला, तोच मुळी कुलूप लावून. गेमचा प्रोग्रॅम सांकेतिक रूपात चिपमध्ये, आणि तो उलगडण्याची किल्ली वेगळ्या छोट्या मेमरीत. यंत्र बंद असताना ती मेमरी जगते ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. मग प्रोग्रॅम चिपमध्ये जसाच्या तसा असूनही पडद्यावर नुसता एक रंग! जाणकार हिला 'सुसाइड बॅटरी' म्हणतात, ते उगाच नाही. बॅटरी बदलतानासुद्धा पुरवठा फार वेळ तुटून चालत नाही.

आपल्याकडच्या पार्लरमध्ये ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणायचे, तो 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आठवतोय ना? तोही १९९३ चाच, आधीच्या पिढीच्या बोर्डावरचा. त्यात आवाजाचा प्रोसेसर असाच बॅटरीच्या किल्लीवर चालणारा होता. आता गंमत बघा: त्याचे नकली बोर्ड काढणाऱ्यांनी तो प्रोसेसर वगळून दुसरीच स्वस्त चिप बसवली. आवाज बिघडला, पण बॅटरीची कटकट गेली. म्हणजे अस्सल बोर्ड गोदामात मुका होणार आणि चोरीचा चालत राहणार. आमच्या मते ही त्या कुलपाची सगळ्यात मोठी चूक: चोराला थोडा वेळ अडवलं आणि मालाला मुदत घालून दिली.

सुटका केली ती हौशी लोकांनीच. 'मेम' हा एम्युलेटर सुरू करणारे निकोला साल्मोरिया आणि आंद्रेआस नाइव्ह यांनी २००७ मध्ये सीपीएस-२ चं सांकेतिक गणित उकललं. तरी मेलेला बोर्ड मूळ रूपात जिवंत होत नव्हता. त्यासाठी चिप बदलून, उलगडलेला प्रोग्रॅम भरावा लागे. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि त्यांच्या सोबत्यांनी किल्ली परत लिहायची पद्धत शोधली. आता एका साध्या आर्डुइनोनं किल्ली पुन्हा भरता येते, मूळ चिपांना हात न लावता.

तेव्हा कुणाच्या माळ्यावर असा बोर्ड मेला म्हणून पडला असेल, तर भंगारात देऊ नका. फक्त ती जुनी बॅटरी आधी काढायला सांगा; गळली तर तिचं रसायन तांब्याच्या रेषाच खाऊन टाकतं, आणि त्या कुठल्याही किल्लीनं परत येत नाहीत.