कल्ल्यांवर नजर

तोडलेला पाय पुन्हा उगवतो, हे ऍक्सोलॉटल नावाचा उभयचर विकणारा दुकानदार हमखास सांगतो. वर इंदुरी थाटात जोडतो, ‘भिया, इसको कुछ नहीं होता.’ पाय, शेपूट, हृदयाचा भाग, मज्जारज्जूसुद्धा भरून येतो हे खरेच आहे. 1864 साली मेक्सिकोहून 34 ऍक्सोलॉटल पॅरिसला पोचले, तेव्हापासून प्रयोगशाळांनी या प्राण्याचा पिच्छा सोडलेला नाही. घेणारा मात्र या कौतुकानेच गाफील राहतो. पाय उगवतो, पण गरम आणि घाण पाण्यावर त्याच्याकडे काहीच इलाज नसतो.

माझा भाचा इंदूरच्या सुदामा नगरात राहतो. त्याच्या टाकीत गुलाबी-पांढरा ऍक्सोलॉटल आहे. चहाच्या आधी टाकीशी जाऊन कल्ले बघायचे, हा त्याचा नेम. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसारे असतात. प्राणी ठीक असला की ते मागे किंवा बाजूला सैल पसरलेले दिसतात. मे महिन्यात मी तिथे असताना एका सकाळी ते पुढे, तोंडाकडे वळलेले होते. ‘मावशी, शेपटीचं टोक बघ,’ तो म्हणाला. टोक आकड्यासारखे मुरडले होते. समोर धरलेल्या गांडुळाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

रात्री वीज गेली होती. एसी बंद, फिल्टरही बंद. थर्मामीटर 25 दाखवत होता. या प्राण्याला 16 ते 18 अंश मानवतात आणि 24 च्या पुढे तो खचू लागतो. भाच्याने काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेऊन चाचणीचे थेंब टाकले. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो. तो हिरवट झाला. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवतात, पण त्यांनाही प्राणवायू लागतो, आणि वाहते पाणी थांबले की त्यांची घुसमट होते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मुरतो आणि त्याच अमोनियाचा विषारी भाग वाढतो. दोन्हीकडून कोंडी.

त्याने औषधाच्या बाटलीला हात लावला नाही, हे मला फार आवडले. रुंद टब घेतला, नर्मदेच्या नळाचे पाणी भरून त्यात क्लोरीन मारणारे अँटीक्लोर टाकले. पाण्याचे तापमान आधी टाकीइतकेच ठेवले. जाळीत नाजूक कल्ले अडकतात, म्हणून प्राण्याला भांड्यानेच उचलले. मग गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली टबात सोडून तासाला एक-दोन अंश असे हळूहळू खाली आणले. पापण्या नसल्याने उजेड त्याला खुपतो. वरून टॉवेल टाकला. खाणे बंद. टबात फिल्टर नसतो, त्यामुळे रोज सगळे पाणी बदलायचे. धडधाकट मोठा प्राणी आठवडाभर सहज उपाशी राहतो, तेव्हा न खाण्याने घाबरून कोंबायला जाऊ नये.

पुढे एका कल्ल्यावर कापसासारखा पांढरा पुंजका आला. बुरशी. टबातच बेताचे मिथिलीन ब्लू वापरले. टाकीत घातले असते तर फिल्टरचे जिवाणू मेले असते. घरातल्या आजींनी हळद सुचवली, तीही मनापासून. पण या प्राण्याची कातडी पाण्यातले बरेच काही शोषते. माशांच्या दुकानात मिळणारी तांबेयुक्त औषधे आणि मॅलाकाइट ग्रीन तर त्याला विषच. पुंजका गळला, कल्ले मागे वळले, आणि मग त्याने गांडूळ गिळले.

काही लक्षणे मात्र टबाने निस्तरत नाहीत. पोटावर किंवा पायांवर लाल शिरा फुटल्यासारख्या दिसणे, अंग फुगणे, खाल्लेले ओकणे, पाण्यावर तरंगत राहून खाली जाता न येणे. लाली हे रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याचे लक्षण असू शकते. तिथे डॉक्टरांनी ठरवलेले प्रतिजैविकच हवे. फुगवटा गिळलेल्या खड्यांचाही असतो, म्हणून टाकीत तोंडात मावेल असा खडा नको. गुलाबी प्राण्यात लाली लवकर कळते, काळपट प्राण्याचे पोट काचेच्या खालून टॉर्च मारून बघावे लागते. इंदूरजवळ महूला 1955 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण बहुतेक पशुवैद्यांचा रोजचा हात गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांवर बसलेला. उभयचर बघणारा डॉक्टर, निदान फोनवर, आधीच शोधून ठेवावा. जाताना तापमानाची नोंद आणि टाकीच्या पाण्याची बाटली सोबत न्यावी.

माळव्याची एक गंमत आहे. मेच्या कोरड्या हवेत टाकीवर साधा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी काही अंश उतरते. जुलैत हवा दमट झाली की तोच पंखा निकामी. लोक पावसाळ्यात निर्धास्त होतात. मला तो काळ जास्त धोक्याचा वाटतो.

राहिला कायदा. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीतले प्राणी आले आणि ऍक्सोलॉटल त्या यादीत आहे. 2024 च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. कागद होतील. पण वीज गेली तरी पाणी 18 अंशांच्या आसपास राखायची सोय नसेल, तर इंदूरमध्ये हा प्राणी घेऊच नये.