गाडीतला आवाज, बेताच्या खर्चात

गाडीतल्या गाण्यांना दम नाही म्हटलं, की दुकानदार आधी मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ दाखवतो. पैसे घालायचे ते आधी पुढच्या दारांतल्या स्पीकरवर. मागचे कंपनीचेच राहू द्या. बऱ्याच गाड्यांत ६.५ इंची स्पीकर बसतात, पण खोलीही मोजून घ्या, नाहीतर खाली येणारी काच चुंबकाला अडते.

खोक्यावरच्या ‘३०० वॅट’ला भुलू नका, तो बहुधा क्षणभराचा कमाल आकडा असतो. पाहायचं ते आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ते वॅट, आणि त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये तो किती मोठा आवाज देतो ते. कंपनीचा साधा स्टिरिओ दर चॅनेलला जेमतेम १५-२० वॅट देतो. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असली, की तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो. मग अ‍ॅम्प्लिफायर लागेलच असं नाही.

दार उघडलंच आहे, तर पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावून घ्या. थरथर कमी होते, बास भरीव लागतो. माझ्या मते सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च हाच, आणि नेमका तोच टाळला जातो. पाणी निचरायची खालची भोकं मात्र बुजवू नका. वायर कापायला तर साफ नकार द्या. मॉडेलनुसार मूळ वायरिंगला थेट जोडायचे कपलर मिळतात, वॉरंटीचा वादही टळतो.