सांध्याची ‘झीज’ नेमकी होते कशी?

“गुडघ्यातलं वंगण संपलंय,” असं आपण सहज म्हणून जातो. सायकलची साखळी कोरडी पडावी, तसं काहीतरी झालं असेल असं डोळ्यांसमोर येतं. पण संधिवातात सांधा केवळ घासून झिजत नाही. आपल्याच शरीरातली काही विकरं, म्हणजे रासायनिक कात्र्या, त्याचं अस्तर कातरत असतात. हे कातरणं एका क्रमाने होतं. तो क्रम समजला की उपचारांची घाई कधी करायची, तेही समजतं.

आधी अस्तर पाहू. कोंबडीची तंगडी खाऊन झाली की हाडाच्या टोकाला पांढरट, गुळगुळीत टोपी उरते. नखाने दाबली तर किंचित दबते. हीच कूर्चा. आपल्या गुडघ्यात तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते.

तिची रचना समजायला भिजवलेला सब्जा आठवा. तो पाणी धरून टम्म फुगतो. असा सब्जा बारीक जाळीच्या मजबूत पिशवीत ठासून भरला, तर पिशवी ताठ होईल आणि दाबली तरी पुन्हा उसळेल. कूर्चेतली जाळी म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाचे धागे आणि पाणी धरणारा सब्जा म्हणजे ॲग्रेकन. पाऊल टेकलं की थोडं पाणी बाहेर जातं, उचललं की आत येतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण या ये-जा करणाऱ्या पाण्यातूनच होतं.

पहिली पायरी हुकमाची. कूर्चेतल्या पेशी नवा माल बनवतात आणि जुना कातरतातही. एरवी दोन्ही कामांचा मेळ असतो, कात्र्यांना आवर घालणारी प्रथिनंही हजर असतात. जुनी दुखापत, जास्त वजन, वय किंवा दाह यांमुळे हा मेळ बिघडतो. इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ हे दाहाचे निरोपे पेशींना जादा कात्र्या बनवायला लावतात. आमवातात (रुमॅटॉइड प्रकारात) सांध्याचं सुजलेलं आतलं आवरण असे निरोप भरमसाट पाठवतं.

दुसऱ्या पायरीवर सब्जा जातो. ॲग्रेकनेज नावाची विकरं ॲग्रेकनचे तुकडे करतात आणि ते सांध्यातल्या द्रवात वाहून जातात. २००५ साली उंदरांवरच्या प्रयोगांत यांपैकी एडॅम्टीएस-५ हे विकर निकामी केलं, तेव्हा कूर्चेची झीज बरीच कमी झाली. या टप्प्यावर जाळी शाबूत असते, त्यामुळे पेशी ॲग्रेकन पुन्हा भरू शकतात.

तिसऱ्या पायरीवर जाळी तुटते. कोलॅजेन तीन पदरी सुतळीसारखं पीळदार असतं; साध्या विकरांना ते दाद देत नाही. कोलॅजेनेज मात्र तिन्ही पदर एका ठरावीक जागी कापतं. मग पीळ उलगडतो आणि इतर विकरं उरलेलं काम उरकतात. यात एमएमपी-१३ या कोलॅजेनेजचा वाटा मोठा. प्रौढ वयात ही जाळी जवळजवळ नव्याने विणली जात नाही. म्हणून एकदा तुटलेली जाळी पूर्ववत होत नाही.

मग या कात्र्याच गोळीने बंद का करू नयेत? तसे प्रयत्न झाले. पण काही औषधांनी रुग्णांचे खांदे आणि इतर सांधे आखडून दुखू लागले. जखम भरायला, हाडं वाढायला हीच विकरं लागतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटी जिरते तीही त्यांच्यामुळेच. १९६२ साली कोलॅजेनेज सापडलं ते तिथेच.

आपली गफलत मुख्यतः तीन ठिकाणी होते. पहिली, दुखण्याची वाट पाहणं. कूर्चेत नसा नसतात, त्यामुळे सुरुवातीचं कातरणं जाणवत नाही. दुसरी, एक्स-रे ठीक आहे म्हणून निर्धास्त होणं. साध्या एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, हाडांमधली फट दिसते. ती कमी झालेली दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असू शकतं. तिसरी, गुडघा दुखतो म्हणून चालणंच सोडून देणं. त्याने कूर्चेचं पोषण अडतं आणि मांडीचे स्नायूही दुबळे होतात. झेपेल इतकं चालावं. वजन जास्त असेल तर उतरवावं; १ किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहत असतील, बोटांवर सूज असेल, तर संधिवाततज्ज्ञांना लवकर गाठावं. आमवातात मेथोट्रेक्झेटसारखी औषधं दाहच शमवतात, म्हणजे कात्र्यांना मिळणारा हुकूमच कमी होतो. सब्जा पुन्हा भरता येतो. पण त्यासाठी पिशवी फाटण्याआधी डॉक्टरांकडे पोहोचायला हवं.