हजेरी, फळा आणि टॅब्लेट : नंदुरबारच्या मोठ्या शाळेतील शिक्षकाची साधने

शाळेचा आवाका

नंदुरबार हा सहा तालुक्यांचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथील आदिवासी लोकसंख्या सुमारे ६९ टक्के होती आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. त्यामुळे येथील माध्यमिक शाळांत घरातली शिकणारी पहिलीच पिढी मोठ्या संख्येने दिसते. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या आणि तुकडीत साठ मुले असे धरले, तर एका शाळेत २४ तुकड्या आणि १,४४० विद्यार्थी होतात. पाच तुकड्यांना गणित शिकवणाऱ्या शिक्षकाच्या टेबलावर एका घटक चाचणीनंतर ३०० उत्तरपत्रिका येतात. शिक्षकाला लॅपटॉप किंवा टॅब्लेट कशासाठी हवा, ते या आकड्यावरूनच कळते.

दोन साधने, दोन कामे

लॅपटॉप बैठ्या कामाचा. प्रश्नपत्रिका, वेळापत्रक, निकालपत्रक त्यावर सोयीचे. टॅब्लेट चालत्या कामाचा. वर्गात फिरताना हजेरी घेता येते, वहीतील एखाद्या उदाहरणाचा फोटो काढून, नाव झाकून, तो लगेच पडद्यावर दाखवता येतो. स्वतःसारखीच चूक दुसऱ्याच्या वहीत पाहिली की मुले ती चटकन ओळखतात.

एकदा नोंद, अनेकदा उपयोग

शाळेचे मूळ दप्तर म्हणजे जनरल रजिस्टर. त्यातील नाव, जन्मतारीख आणि जात हीच माहिती हजेरीपत्रकात, शिष्यवृत्तीच्या अर्जात, दहावीच्या आवेदनपत्रात आणि ‘सरल’ व ‘यू-डायस प्लस’ या संगणकीय प्रणालींत पुन्हा लागते. हाताने उतरवताना रजिस्टरमधील ‘वसावे’चा ‘वसावा’ होतो, तो आधारवरील नावाशी जुळत नाही आणि आधार पडताळणी अडते. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभलीत दिला गेला. आज त्याच आधारच्या पडताळणीचा संबंध शाळेच्या संचमान्यतेशी, म्हणजे शिक्षकांच्या मंजूर पदांशी आहे. एका अक्षराची चूक अशी थेट वर्गापर्यंत पोहोचते. शुद्ध केलेली एकच यादी लॅपटॉपवर असली, तर सगळी कामे तिच्यावरून होतात.

हजेरीचा उपयोग याहून मोलाचा. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि पुष्कळ जण होळीला गावी परततात. कागदी हजेरीत ही मुले महिन्यामहिन्यांच्या पानांत विखुरलेली राहतात. तक्त्यात दोन-तीन वर्षांची हजेरी शेजारी ठेवली, की ठरावीक महिन्यांत गळणारी नावे एका नजरेत दिसतात. मग दिवाळीच्या सुट्टीआधीच वर्गशिक्षकाला पालकांशी बोलून वसतिगृहाची चौकशी करता येते. या एका उपयोगासाठीही टॅब्लेटचा खर्च योग्य ठरतो.

गुणांपलीकडचा तक्ता

साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रश्ननिहाय गुण भरले, तर एकूण गुणांमागचे चित्र उलगडते. समजा, साठपैकी चाळीस मुलांचे वर्गसमीकरणाचे अवयव चुकले. मग अडचण मुलांत नाही, त्या घटकाच्या अध्यापनात आहे आणि तो पुन्हा शिकवावा लागेल. मर्यादाही स्पष्ट आहे. पंधरा उपप्रश्न आणि साठ मुले म्हणजे एका तुकडीच्या ९०० नोंदी. त्यामुळे हे विश्लेषण प्रत्येक चाचणीला न करता सहामाहीनंतर, निवडक प्रश्नांपुरते करणेच शहाणपणाचे.

भिंग आणि पडदा

दहावीच्या विज्ञानात बहिर्वक्र भिंगाच्या प्रतिमा शिकवताना फळ्यावर वस्तूच्या प्रत्येक स्थानासाठी नवी किरणाकृती काढावी लागते. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या ‘फेट’ या मोफत प्रतिरूपांत वस्तू बोटाने सरकवता येते. ती नाभीकडे नेत गेले की प्रतिमा मोठी होत दूर जाते, आणि नाभी ओलांडताच उलटी प्रतिमा नाहीशी होऊन वस्तूच्याच बाजूला सुलटी, मोठी प्रतिमा दिसते. सहा सुट्या आकृत्या म्हणजे एकच सलग घटना, हे तेव्हा उमगते. तरीही किरण पट्टीने वहीत काढावाच लागतो, कारण परीक्षेत हातच चालतो.

वीज, रेंज, फॉन्ट

प्रोजेक्टरला वीज लागते, टॅब्लेट बॅटरीवर काही तास चालतो. म्हणून पावसाळ्यातल्या भारनियमनात एक टॅब्लेट आणि पाच-सहा मुलांचा गट हीच व्यवहार्य रचना. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा भागात रेंज बेभरवशाची असते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमागचे साहित्य देणारे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावरील साहित्य आधी उतरवून ठेवता येते, म्हणून शहरात रेंज मिळेल तिथे ते काम उरकून घ्यावे. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर दुसऱ्या यंत्रावर अक्षरांचा गोंधळ होतो. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर मात्र सगळीकडे तसाच उघडतो.

बोलीचा पूल

पावरी, मावची, भिली बोलणाऱ्या मुलांना पाठ्यपुस्तकातली मराठीच नवी असते. ‘बाष्पीभवन’ अडते ते आशयामुळे नव्हे, शब्दामुळे. तयार व्हिडिओ प्रमाण मराठीत असल्याने ही अडचण त्याने सुटत नाही. येथे टॅब्लेटचा सर्वांत साधा भाग, म्हणजे ध्वनिमुद्रण, कामी येतो. बोली जाणणाऱ्या शिक्षकाने किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने संकल्पना दोन मिनिटांत पावरीत सांगावी, ती जपून ठेवावी आणि पुढच्या वर्षी नव्या तुकडीला ऐकवावी. त्यासाठी ना इंटरनेट लागते, ना प्रोजेक्टर. लागतो तो बोली येणारा माणूस, आणि नंदुरबारच्या शाळांत तो वर्गातच बसलेला असतो.