शिंकणाऱ्या पिल्लाला घर देताना

जळगाव-धुळ्याकडच्या, दत्तक जाण्याची वाट पाहणाऱ्या मांजराच्या पिल्लांमध्ये एखादं सतत शिंकणारं, नाक चोंदलेलं असतंच. लोक त्याला हात लावायला कचरतात. या सर्दीमागे बहुधा मांजरांचा हर्पीस किंवा कॅलिसी विषाणू असतो. हे विषाणू माणसाला बाधत नाहीत, कुत्र्यालाही सहसा नाहीत.

हर्पीस बऱ्या झालेल्या मांजराच्याही मज्जातंतूंत जन्मभर दडून राहतो आणि ताण आला की पुन्हा उठतो. घर बदलणं हाच मोठा ताण. म्हणून नव्या घरी गेल्यावर साधारण आठवड्याने शिंका सुरू होतात आणि ‘आजारी पिल्लू दिलं’ म्हणून ते परत येतं. परत येणं म्हणजे आणखी एक ताण! देणाऱ्याने हे आधीच सांगायला हवं. नव्या घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांचं लसीकरण आधी पूर्ण करावं. लस लागण थांबवत नाही, पण आजार सौम्य ठेवते.

चोंदलेल्या नाकाला वास येत नाही, म्हणून पिल्लू जेवत नाही. अन्न कोमट करून द्या. खानदेशी उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा त्याला सावलीत, धुळीपासून दूर ठेवा. बाम, कापूर नको. पॅरासिटामॉल तर मांजराचा जीव घेतं.

एकाच नाकपुडीतून स्राव, मान ताणून खोकला, अशी लक्षणं वेगळ्या आजाराची असू शकतात. पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. झोपेतला श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त राहिला तरीही दाखवा. तोंड उघडून धापा टाकत असेल, तर त्याच क्षणी निघा.