पियानोची हातोडी नरम करण्याचे कसब

पियानो कर्कश वाजू लागला की ग्राहक तारा बदलायला सांगतो. दोष मात्र बहुधा हातोडीत असतो. पियानोला ८८ पट्ट्या. पट्टी दाबली की लोकरीच्या फेल्टने, म्हणजे एक प्रकारच्या नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आपटते. पॅरिसच्या झां-हेन्री पाप यांनी १८२६ मध्ये या फेल्टचे पेटंट घेतले. त्याआधी चामडे वापरत. वर्षानुवर्षे आपटून फेल्ट दबतो, त्यावर तारांच्या खाचा पडतात आणि सूर टोचू लागतो.

आधी पॉलिशपेपरच्या पट्टीने खाचा घासून काढाव्या. हातोडीचा गोल आकार बिघडू देऊ नये. मग मुठीत बसवलेल्या तीन सुया घ्याव्या. हातोडीला खालून आधार द्यावा, नाही तर दांडी मोडते. सुया दोन्ही खांद्यांवर, आतल्या लाकडाच्या रोखाने, सारख्याच टोचाव्या. तारेला लागणाऱ्या टोकावर खोल टोचू नये. पिंजारी कापूस मोकळा करतो, तसाच इथे दबलेला तंतू सैल होतो. चार-पाचदा टोचले की वाजवून शेजारच्या सुराशी ताडून पाहावे.

वाफेचा उपाय झटपट खरा, पण फेल्ट फुगून आकार जाऊ शकतो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

कारागीर बंधूंनो, सुई कमी पडली तर पुन्हा मारता येते. जास्त पडली तर फेल्टची मूळची लवचीकता परत येत नाही. हात जुन्या, टाकाऊ हातोड्यांवर बसवावा. ग्राहकाचे वाद्य ही अमानत आहे.