शिराझमधली मिरी आणि शेतातला लव्हाळा

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं आहे : ‘आमच्याकडे शिराझची बाग आहे. जात मूळ फ्रान्सची. तीच जात ऑस्ट्रेलियातही लावतात. मग तिकडच्या काही शिराझ वाईनला काळ्या मिरीचा वास येतो आणि आमच्याकडे तो जाणवत नाही, असं का? हा मातीचा गुण समजायचा का?’

प्रश्न नेमका आहे. त्याच्या उत्तराची एक वाट थेट पुण्याच्या पाषाण रस्त्यावर येऊन पोचते, म्हणून आज सगळी जागा त्यालाच देतो.

आधी मातीचं पाहू. फ्रेंच लोक बागेच्या जागेचा सगळा गुण ‘तेर्वार’ या एका शब्दात बसवतात. त्या शब्दात हवा, उतार, पाऊस, शेतकऱ्याचा हात असं सगळं आहे. पण वाईनच्या जाहिरातींत त्यातली माती तेवढी उरली. चुनखडीवरच्या वेलीची वाईन चुनखडीसारखी आणि पाटीच्या दगडावरची पाटीसारखी लागते, असं बिनदिक्कत लिहिलं जातं. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ ॲलेक्स मॉल्टमन यांनी या कल्पनेचा वर्षानुवर्षं चिकाटीने प्रतिवाद केला आहे. मुद्दा साधा आहे. वास यायचा तर रेणू उडून नाकापर्यंत यायला हवा, आणि दगड उडत नाही. मुळं शोषतात ते पाण्यात विरघळलेले क्षार, त्यांना वास नसतो. पहिल्या सरीनंतरचा मृद्गंधसुद्धा मुख्यतः मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिनचा असतो. मातीचं महत्त्व आहेच, पण ते वेलीला पाणी किती मिळतं, मुळं किती खोल जातात, जमीन किती तापते यातून. मातीचा वास देठातून चढून मण्यात उतरत नाही.

मग मिरी कुठून आली? ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेला ग्रॅम्पियन्स नावाचा थंड डोंगराळ भाग आहे. तिथल्या माउंट लांगी गिरानच्या शिराझला मिरीचा वास येतो, हे जाणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. वास आहे म्हणजे रेणू असणार. ॲडलेडच्या ‘ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूट’मधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो शोधायला घेतला आणि त्यांचा चांगलाच कस लागला.

अशा शोधात गॅस क्रोमॅटोग्राफच्या तोंडाशी एक माणूस नाक लावून बसतो. मिश्रणातले घटक लांबलचक बारीक नळीतून एकामागून एक बाहेर पडतात. अर्धा प्रवाह यंत्राकडे जातो, अर्धा नाकाकडे. यंत्र आलेख काढतं आणि माणूस सांगत राहतो : आता गुलाब, आता ओलं गवत, आता काही नाही. मला ही पद्धत फार आवडते. कोट्यवधींच्या उपकरणाच्या शेवटी माणसाचंच नाक लागतं आणि पुष्कळदा तेच जास्त तीक्ष्ण ठरतं. मिरीच्या बाबतीत हेच आड आलं. वास आहे, पण द्रव्य इतकं थोडं की आलेखात बोट ठेवावं असं काही सापडेना. २००७ मध्ये या गटाला अल्फा-यलँजीन नावाचा एक खुणेचा रेणू मिळाला. तो ज्या द्राक्षांत जास्त, ती द्राक्षं जास्त मिरीदार. पण वास त्याचा नव्हता. २००८ मध्ये क्लॉडिया वुड, ट्रेसी सीबर्ट, मार्कस हर्डरिच आणि सहकाऱ्यांनी खरा धनी जाहीर केला. त्याचं नाव रोटंडोन. स्वयंपाकघरातल्या काळ्या आणि पांढऱ्या मिरीतही तोच निघाला. मिरी इतकी शतकं जगभर विकली गेली आणि तिच्या वासाचा हा मुख्य कारक तोवर कुणी ओळखलेला नव्हता!

त्याची ताकद किती? एक लिटर रेड वाईनमध्ये १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असलं तरी नाकाला कळतं. उन्हाळ्यात गल्लीत येणारा पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे आणा, दहा हजार लिटरचा. तो वाईनने भरला आहे असं समजा. मिठाच्या दोन-तीन कणांच्या वजनाएवढं रोटंडोन त्यात पुरे. गंमत अशी, की त्या शोधात वास घेऊन पाहायला बसवलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना हा वास येतच नव्हता. साध्या पाण्यात लिटरला ४००० नॅनोग्रॅमपर्यंत वाढवूनही नाही. म्हणजे एकाच बाटलीतली वाईन पिऊन एक मित्र ‘मिरी’ म्हणाला आणि दुसऱ्याला ती सापडली नाही, तर दोघंही खरं बोलत असतील.

आता पुणे. ॲडलेडच्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच रोटंडोनला ‘फारसा कुणाला माहीत नसलेला’ अशा अर्थाचं विशेषण लावलं आहे. ते मला प्रत्येक वेळी टोचतं. कारण हा रेणू निनावी नव्हता. १९६७ मध्ये ‘टेट्राहेड्रॉन लेटर्स’ या नियतकालिकात कापडिया, नाईक, वाडिया आणि सुख देव या चौघांनी तो जगापुढे मांडला होता. सुख देव तेव्हा पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. आपल्या मातीतल्या वनस्पतींचं रसायन उलगडणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. १९६४ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला, गुग्गुळावरच्या संशोधनात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. रोटंडोन त्यांना मिळालं ते ‘सायपेरस रोटंडस’च्या तेलात. म्हणजे आपला लव्हाळा. त्याच्या मुळांवरच्या सुगंधी गाठी नागरमोथा म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात आणि दिवाळीच्या उटण्यात पडतात. लॅटिनमध्ये ‘रोटंडस’ म्हणजे गोल. जगभरचे वाईनतज्ज्ञ ‘रोटंडोन’ म्हणतात तेव्हा नकळत लव्हाळ्याचंच नाव घेत असतात.

या चौघांपुढे वाईन नव्हती, मिरीही नव्हती. एका तणाच्या तेलात काय काय आहे, एवढाच प्रश्न होता. पंधरा कार्बनांच्या त्या रेणूची रचना त्यांनी कागदावर नेमकी मांडून ठेवली आणि चाळीस वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या लोकांना ती ओळख पटवायला उपयोगी पडली. ‘याचा उपयोग काय?’ असं विचारून तेव्हा कुणी ते काम थांबवलं असतं तर? शिराझच्या प्रत्येक लेखात माउंट लांगी गिरानचं नाव येतं, ॲडलेडचं येतं. पुण्याचंही यायला हवं.

रेणू हाती आल्यावर जागेचा गुण मोजता येऊ लागला. रोटंडोन मण्याच्या सालीत असतं आणि पिकण्याच्या अखेरच्या टप्प्यात वाढतं. अल्फा-ग्वायीन नावाच्या रेणूचं ऑक्सिडेशन होऊन ते तयार होतं. घडाचं तापमान २५ अंशांच्या वर जात राहिलं की ते कमी भरतं. म्हणून थंड ग्रॅम्पियन्समध्ये ते भरपूर आणि ऑस्ट्रेलियातल्याच उष्ण बरोसा खोऱ्यात कमी. म्हणून एकाच बागेत थंड वर्षी जास्त, गरम वर्षी कमी. इतकंच काय, एकाच घडाच्या सावलीतल्या बाजूला जास्त आणि उन्हाच्या बाजूला कमी! माउंट लांगी गिरानच्या एकाच बागेतले तुकडे मोजले, तेव्हा मिरीदार भाग आणि बिनमिरीचे भाग वर्षानुवर्षं त्याच जागी राहिलेले दिसले. ज्याला लोक जागेचं गूढ म्हणत होते, त्याचा नकाशा काढता आला.

प्रत्येक वासाची वाट अशीच असते असं मात्र नाही. काबर्ने सोव्हिन्यॉमध्ये येणारा ढोबळ्या मिरचीचा वास हा मेथॉक्सिपायराझीन गटातल्या रेणूचा. ढोबळ्या मिरचीतही तोच असतो. कच्च्या मण्यात तो जास्त असतो आणि पिकताना, घडांवर ऊन पडेल तसा उतरतो. त्यामुळे थंड, ढगाळ मुलखात तो मागे राहतो. काही ऑस्ट्रेलियन रेड वाईनना येणारा निलगिरीचा वास तर खरोखरच निलगिरीचा. बागेशेजारी निलगिरीची झाडं असली की जवळच्या ओळींतल्या द्राक्षांच्या वाईनमध्ये तो सर्वांत जास्त मिळतो. झाडांचा अर्क हवेतून सालीवर बसतो, सुकी पानं वेलींत अडकतात आणि काढणीत घडांबरोबर टोपलीत जातात. रेड वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून हे सगळं तिच्यात उतरतं. शेजारी कोण आहे, हाही जागेचा गुणच की!

आता तुमची बाग. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात शिराझ सप्टेंबरच्या सुमारास पिकते, ग्रॅम्पियन्समध्ये मार्च-एप्रिलच्या सुमारास. दोन्हीकडे त्या वेळी उन्हाळा सरत असतो, दिवस थंडावत जातात. आपल्याकडे गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, मण्यात पाणी उतरतं ते थंडीत आणि काढणी जानेवारी ते मार्च. तिकडचे घड थंडीकडे तोंड करून पिकतात, आपले उन्हाळ्याकडे. जितकी काढणी लांबते तितकी दुपार तापते, आणि रोटंडोनचा काळ नेमका तोच. माती बदलून मिरी येणार नाही. घडांवर पानांची सावली राखणं, उंचावरच्या थंड जागा निवडणं, लवकर छाटणी घेणं याच दिशेने विचार करता येईल. पण तिकडची मिरी इकडे आणायचीच कशाला, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या हवेचे स्वतःचे रेणू आहेत. ग्रॅम्पियन्सच्या मिरीचा शोध लागला तसा त्यांचाही कुणीतरी नाक लावून घ्यायला हवा.

हा लेख लिहायच्या आधी अंगणातला एक लव्हाळा मुळासकट उपटला. तपकिरी, बोराच्या बीएवढी गाठ धुतली, नखाने सोलली आणि वरवंट्याने ठेचली. आधी कापूर, मग ओलं लाकूड. शेजारी मिरीचा एक दाणा ठेचला आणि दोन्ही आळीपाळीने हुंगत बसलो. चौथ्या-पाचव्या खेपेला लव्हाळ्याच्या वासात, अगदी तळाशी, मिरीची ती कोरडी, उबदार रेघ सापडली. माझं नाक उरलेल्या ऐंशी टक्क्यांतलं आहे, याचा मनापासून आनंद झाला.

तुमच्या बागेतही वेलींच्या ओळींमध्ये लव्हाळा उगवतच असेल आणि तुम्ही तो खुरपून बांधावर टाकत असाल. पुढच्या खुरपणीला एक गाठ ठेचून पाहा.